चपला राखणाऱ्याला

शाल्मली आली तेव्हा भांगाचं पाणी होतं,
समुद्र जेवून पडल्यासारखा.
टॉवरच्या सावलीत बसून तिनं विचारलं,
बस्त्यावकाका, आक्सावर माणूस नेमका कुठे बुडतो?
तिच्या फोनवर किनारा पिवळा, पाणी निळं,
दोन बोटांनी ताणावं तेवढं मोठं होणारं.

मी पायाच्या अंगठ्यानं वाळूत रेघ मारली.
इथे गुडघाभर. तिथून दोन पावलांवर गळाभर.
तिनं तिथे लाल ठिपका ठेवला.
मग उधाण येऊन गेलं. बघतो तर
खड्डा चाळीस पावलं दानापानीकडे सरकलेला
आणि ठिपका आपला जागच्या जागी, गुमान.

तेव्हापासून रोज सकाळी
कमरेभर पाण्यात चालत मी खड्डा शोधतो
आणि वर येऊन ठिपका सरकवतो.
ओलं बोट काचेला कळत नाही.
टॉवेलला पुसावं लागतं.

भरतीचं मला कोणी सांगू नये.
आमची आई क्रिस्ताव, पण तिथी तोंडपाठ,
पाऊणपट करायची बोटांवर:
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
फोन वर मिनिटंही सांगतो. मान्य.

पहिल्या रविवारी पाणी चढायला लागलं
तसा तिनं संदेश सोडला:
पाण्यात जाऊ नका.
आणि वाळू वाजली.
बुटांतून, पिशव्यांतून, घडी केलेल्या पँटींच्या खिशांतून
टिंग, टिंग, टिंग,
साऱ्या किनाऱ्यावर चपला बोलत होत्या
आणि ज्यांना बोलत होत्या ती डोकी
लाटेत वरखाली, हसत, पाठमोरी.

शाल्मली हसली. मला हसू आलं नाही.
मला तो पांढरा बूट आठवला, चार वर्षांपूर्वीचा.
मोज्यात गुंडाळलेला फोन.
मम्मी घर. मम्मी घर.
तेरा वेळा.
आम्ही तेव्हा अजून दोर टाकत होतो.
मी उचलला नाही.
नंतर हवालदारानं उचलला,
मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो.

संध्याकाळी तिला म्हटलं, बाय,
पाण्यातल्याकडे फोन नसतो.
पण प्रत्येक घोळक्यातलं एक जण बाहेर असतं.
ज्याला पोहता येत नाही,
जिची पाळी आलीय,
ज्याला सर्दी झालीय,
ज्याच्याकडे एकच पँट आहे आणि उद्या तीच घालून कामाला जायचंय.
तो चपला राखतो.
त्याला लिही.
त्याला जाऊ नका म्हणू नकोस, तो गेलेलाच नाही.
त्याला काम सांग.

तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
कृपया घातलं होतं, ते मी काढायला लावलं.
शेवटी उरलं एवढंच:
किती जण आत गेले? आत्ता किती दिसतात?
कमी दिसले तर हे लाल दाबा.

काल दाबलं कोणीतरी.
माझ्या मनगटावर थरथर झाली, शिट्टी तोंडात,
ट्यूब खांद्याला, धावत गेलो.
हाताला प्लास्टर घातलेला पोरगा,
पुढ्यात सात जोड चपला ओळीत मांडलेल्या,
पाण्याकडे बोट करून म्हणतो,
सहाच आहेत, काका, सहाच.

लाटेत शिरून मी दोनदा बुडी मारली.
तिसरीला श्वास घेताना मागून हाक आली.
सातवा कणसाच्या गाडीमागे उभा होता,
लिंबू जरा जास्त चोळा सांगत.

प्लास्टरवाल्याचं तोंड उतरलं होतं.
मित्र त्याला टपल्या मारत होते.
सॉरी काका, म्हणाला,
माझंच चुकलं.

माझ्या नाकातून खारं पाणी गळत होतं,
छाती भात्यासारखी.
बोलायला दम उरला नव्हता फार.
त्याच्या शेजारी वाळूत टेकलो,
पोरं पुन्हा पाण्याकडे पळाली,
मी म्हटलं,
परत मोज.